फाईलचे नाव आणि ग्रंथाचे नाव

भारतीय भाषांच्या विभागांतून गेल्या काही वर्षांत एक नवे काम निर्माण झाले आहे आणि ते बहुधा सर्वांत कनिष्ठ संशोधन-साहाय्यकाकडे सोपविले जाते. विभागाच्या संगणकावर साचलेल्या शेकडो ई-पुस्तकांच्या फायली एखाद्या ग्रंथालय-प्रणालीत एकदम दाखल करणे, हे ते काम होय. एकेक पुस्तक उघडून त्याची नोंद करण्यास वेळ नसतो. म्हणून प्रणालीला फाईलच्या नावाचा एक नमुना सांगितला जातो. मधल्या रेघेच्या अलीकडे शीर्षक, पलीकडे लेखक. त्या नमुन्याप्रमाणे प्रणाली शेकडो नावे फोडते आणि शीर्षकाचे व लेखकाचे रकाने आपोआप भरून टाकते. सकाळी बसलेला साहाय्यक दुपारी मोकळा होतो आणि विभागप्रमुखांच्या अहवालात ‘डिजिटल संग्रह सिद्ध झाला’ असे एक वाक्य वाढते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ही बाब तांत्रिक समजून तिच्याकडे पाठ फिरविली आहे. वस्तुतः ती संहितेच्या ओळखीची बाब आहे. ग्रंथालयात पुस्तक आल्याबरोबर ज्या वहीत त्याचा क्रमांक पडतो ती दाखल नोंदवही वेगळी आणि वाचकाने ज्या आधारावर ग्रंथ शोधावयाचा ती तालिका वेगळी, हा भेद आपल्याकडील साध्या नगरवाचनालयातही पाळला जात असे. फाईलच्या नावावरून नमुन्याने जे तयार होते ती दाखल नोंदवही आहे. तिला तालिका मानण्याचा प्रघात पडत आहे, आणि त्यात सर्वांत आधी नाहीसे होतात ते संपादक व अनुवादक. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तर याच दोघांवाचून पाऊल टाकता येत नाही.

या कामासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे कॅलिबर. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनी कंपनीच्या ई-वाचकासाठी ती लिहावयास घेतली. ती विनामूल्य आहे आणि तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. तिच्याविषयी तक्रार करण्याचा येथे हेतू नाही. ती प्रथम फाईलच्या पोटात लेखक-शीर्षकाची माहिती शोधते, आणि तसे सांगितल्यास फाईलच्या नावावरून घेते. आपल्याकडील स्कॅन केलेल्या पीडीएफ फायलींच्या पोटात बहुधा काहीच नसते, किंवा असते ते स्कॅनिंग-यंत्राचे नाव. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांत जुळविलेल्या पुस्तकांतून निघते ती रोमन अक्षरांची निरर्थक रास. त्यामुळे नावावर विसंबणे भाग पडते. नमुना लिहिण्याची भाषा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ या नावाने ओळखली जाते. शीर्षक, लेखक, मालिका, मालिकेतील क्रमांक, प्रकाशक, प्रकाशन-दिनांक, आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक इतकी घरे तीत भरता येतात. संपादकाला आणि अनुवादकाला मात्र घर नाही. ज्या ग्रंथव्यवहाराच्या गरजांतून ही प्रणाली वाढली, त्यात पुस्तकाला एक शीर्षक व एक लेखक असला म्हणजे सामान्य वाचकाचे काम भागते. आपले भागत नाही.

का भागत नाही, हे पाहण्यासाठी उदाहरण झाशीचेच घेऊ. प्रस्तुत लेखक सध्या या नगरीत अभ्यागत प्राध्यापक आहे आणि येथे मराठी-हिंदी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या कोणाच्याही संगणकावर एक पुस्तक हमखास असते: विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. कोकणातील वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाला, १८५७ च्या धामधुमीत सापडला, १८५८ साली झाशीच्या वेढ्यात शहरात होता, आणि पुढे १८८३ च्या सुमारास त्याने आपली हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली, परंतु भाषेवर आणि मजकुरावर पुष्कळ हात फिरवून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळबरहुकूम संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे साठ वर्षांच्या अंतराने एकाच नावाखाली दोन ग्रंथ उभे राहिले. पहिल्यात वैद्यांच्या पिढीने सुधारून घेतलेला गोडसे बोलतो, दुसऱ्यात भिक्षुकी वळणाची, मोडीतून उतरलेली बोली बोलते. मराठी गद्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने यांपैकी कोणती प्रत हाती घेतली होती, हे न सांगता लिहिणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

आता या दोन्ही पुस्तकांच्या फायली ‘माझा प्रवास - विष्णुभट गोडसे’ या नावाने संगणकावर आहेत असे समजा. दोन वेगळ्या फोल्डरांत त्या सुखाने नांदतात. प्रणालीत दाखल करताना मात्र तिला त्या एकाच पुस्तकाच्या दोन प्रती वाटतात. शीर्षक व लेखक जुळले की ती दुबार प्रत असल्याची सूचना देते. शेकडो फायली दाखल करणारा मनुष्य या सूचनांना कंटाळतो. मग तो सारख्या नोंदी आपोआप एकत्र करण्याची सोय चालू करतो. त्या सोयीत एक पर्याय नवी फाईल टाकून देण्याचा आहे आणि एक जुनीवर नवी लिहिण्याचा. पहिला निवडला तर जी आधी आली ती राहते, दुसरा निवडला तर जी नंतर आली ती. वैद्य राहणार की पोतदार, हे फोल्डरांच्या क्रमावर ठरते. पाठचिकित्सेच्या इतिहासात संहिता निवडण्याचा याहून निष्काळजी मार्ग दाखविणे कठीण आहे. मूळ फाईल डिस्कवर कोठेतरी राहतेच, असे यावर कोणी म्हणेल. परंतु तालिकेत जे नाही ते वाचकाच्या दृष्टीने ग्रंथालयातही नाही, आणि दाखल झाल्यानंतर मूळ फोल्डर जागेसाठी पुसून टाकण्याचा रिवाज सर्वत्र आहे.

एखादा चिकित्सक विद्यार्थी हे ओळखून फाईलचे नाव बदलतो: ‘माझा प्रवास - विष्णुभट गोडसे - पोतदार’. त्याचा हेतू चांगला, फळ मात्र विपरीत. प्रणालीचा मूळ नमुना शीर्षकाला जितके घेता येईल तितके घेऊ देतो आणि शेवटच्या रेघेपाशी तोडतो. त्यामुळे ‘माझा प्रवास - विष्णुभट गोडसे’ हे शीर्षक ठरते आणि पोतदार लेखक ठरतात. महामहोपाध्यायांनी १८५७ साली झाशीचा प्रवास केला अशी नोंद एका सेकंदात अस्तित्वात येते, आणि ती तयार करणाऱ्याला याची वार्ताही नसते.

अनुवादांची गत याहून बिकट आहे. अमृतलाल नागर यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ या नावाने केला. मृणाल पांडे यांचा इंग्रजी अनुवाद २०११ साली ‘१८५७: द रिअल स्टोरी ऑफ द ग्रेट अपरायझिंग’ या शीर्षकाने आला, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ ब्राह्मिन प्रीस्ट’ २०१४ साली. एकाच्या शीर्षकात ‘गदर’, दुसऱ्याच्या शीर्षकात साल, तिसऱ्याच्या शीर्षकात भिक्षुक. शीर्षकांचा हा प्रवास हाच एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावा. नमुन्यात मात्र लेखकाचे घर एकच. तेथे नागर लिहिले तर गोडसे जातात आणि ग्रंथ हिंदीतील स्वतंत्र रचना ठरतो. गोडसे लिहिले तर नागर जातात आणि या भिक्षुकाने हिंदीतही लेखन केले असा समज होतो. दोन्ही नावे जोडून लिहिली तर ते सहलेखक होतात. विभागातील तालिकेवरून ‘मराठीतून हिंदीत आलेले ग्रंथ’ अशी यादी काढावयाची म्हटल्यास ती निघत नाही. भाषांतराचा अभ्यास करणारे आपण, भाषांतर ओळखता न येणारा संग्रह उभारीत आहो.

सालाचा आणखी एक घोटाळा आहे. नमुना लिहिणारे पुष्कळदा ‘नावात जेथे चार अंक सलग येतील ते प्रकाशन-वर्ष’ असा नियम घालतात. पांडे यांच्या अनुवादाचे वर्ष मग १८५७ होते. त्याहून मोठा प्रमाद डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या ग्रंथांच्या बाबतीत घडतो. त्या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य भारतीय पुस्तके आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत आणि त्यांच्या ओळखचिन्हांत ‘इन.अर्नेट.डीएलआय.२०१५’ असे येऊन पुढे क्रमांक असतो. या २०१५ चा ग्रंथाच्या प्रकाशनाशी काही संबंध नाही. पण वरील नियमाने एकोणिसाव्या शतकातील पुस्तकेही २०१५ ची ठरतात, आणि वर्षानुक्रमे लावलेल्या यादीत निबंधमालेच्या काळातील गद्य काल-परवाच्या कादंबऱ्यांशेजारी जाऊन बसते.

नावांचा प्रश्न जुनाच आहे. भारतीय नावांचा कोणता भाग आधी घ्यावा, याचा विचार रंगनाथनांनी आपल्या तालिका-संहितेत १९३४ सालापासून केला होता. कॅलिबर वर्णानुक्रमासाठी लेखकाच्या नावाचा शेवटचा शब्द उचलून पुढे ठेवते. ‘विष्णुभट गोडसे’ याचे ‘गोडसे, विष्णुभट’ होते, ते योग्यच. परंतु महाराष्ट्रात हा लेखक ‘गोडसे भटजी’ म्हणून अधिक परिचित आहे. त्या नावाने फाईल आली की ‘भटजी, गोडसे’ अशी नोंद होते आणि भटजी हे आडनाव ठरते. इंग्रजी अनुवादाच्या मुखपृष्ठावर ‘वरसईकर’ शेवटी आहे. म्हणजे एकच मनुष्य ग, भ आणि व या तीन अक्षरांखाली तीन लेखक होऊन राहतो. याच न्यायाने ‘ज्ञानेश्वर महाराज’ हे ‘महाराज’ आडनावाच्या कुळात जातात. तुकोबा आणि एकनाथही त्यांच्यामागून त्याच कुळात शिरतात, आणि वारकरी संप्रदायाची एक एकत्र कुटुंबपद्धती तयार होते. प्रणालीजवळ नावापूर्वीच्या व नावानंतरच्या उपाधींची एक यादी असते, पण तीत मिस्टर, डॉक्टर, ज्युनियर अशी इंग्रजी वळणाची मंडळी आहेत. ही यादी वापरणाऱ्याला वाढविता येते. महाराज, भटजी, संत, समर्थ, महामहोपाध्याय हे शब्द तीत घालण्याचे काम कोणा परदेशी तंत्रज्ञाने करावे अशी अपेक्षा धरणे हास्यास्पद होईल. ते मराठीच्या प्राध्यापकांचे काम आहे आणि एका बैठकीत होण्यासारखे आहे.

आता अक्षरांकडे वळू. नमुन्याच्या भाषेत ‘शब्दात येणारे कोणतेही अक्षर’ असा अर्थ सांगणारे एक चिन्ह आहे आणि इंग्रजी नावांसाठी ते सर्रास वापरले जाते. कॅलिबर ज्या पायथॉन भाषेत मुख्यतः लिहिली आहे, तिच्या अंगभूत नमुना-यंत्रणेत या चिन्हाच्या व्याख्येत क, ख, ग बसतात, अ, आ, इ बसतात. परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. परिणामी ‘गोडसे’ या शब्दावर तो नमुना लावला की तो ‘ग’ उचलून थांबतो. ‘भटजी’चा ‘भटज’ होतो, ‘महाराज’चा ‘मह’. व्यंजनाला जोडलेला स्वर हा अक्षराचा घटक नसून बाहेरून चिकटलेले काहीतरी आहे, अशी समजूत त्यामागे आहे. प्रातिशाख्यकारांपासून आपल्या व्याकरणपरंपरेने अक्षराची जी कल्पना केली, तिच्या नेमकी उलट ही कल्पना. मूळ नमुना ‘कोणतेही चिन्ह’ असे म्हणत असल्यामुळे या संकटातून वाचतो. पण इंग्रजी मार्गदर्शनावरून स्वतः नमुना रचणारा मराठी विद्यार्थी त्यात हटकून सापडतो आणि दोष आपल्या टंकलेखनाचा समजतो.

मराठीचे म्हणून आणखी एक दुखणे आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ संगणकात एक स्वतंत्र चिन्ह म्हणून साठविता येतो, र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही साठविता येतो, आणि तोच अर्धा र दाखविण्यासाठी र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशीही रीत आहे. डोळ्याला तिन्ही सारखीच दिसतात. यंत्राला तीन वेगळी नावे दिसू शकतात. तेव्हा एकाच शीर्षकाच्या दोन फायली एकमेकींना ओळखीत नाहीत, आणि वर वर्णिलेल्या दोन भिन्न संहिता मात्र एकमेकींना नको इतक्या ओळखतात. झाशीच्या नावाचे तर विचारू नये: मराठीत झाशी, जुन्या मराठीत झांशी, हिंदीत झांसी आणि झाँसी. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली लिहिलेले राणीचे चरित्र आणि वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ ची कादंबरी एका शोधात एकत्र याव्यात अशी इच्छा असेल, तर ती फाईलच्या नावावर सोडून चालणार नाही. शिवाय १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या मुखपृष्ठावरील शीर्षक आणि आजच्या पुनर्मुद्रणावरील शीर्षक यांचे लेखन एकच राहिलेले नाही.

या सर्वांवर एक सोपा तोडगा सुचविला जातो: सर्व नावे रोमनमध्ये लिहावी. यास आपल्याकडे प्रतिष्ठित पूर्वज आहे. १९५८ पासून निघू लागलेल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने सर्व भारतीय भाषांतील पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत दिल्या. तेथे स्वरचिन्हांची काटेकोर पद्धत तरी होती. विद्यार्थ्यांच्या रोमन लेखनात ‘प्रवास’ तीन प्रकारे आणि ‘गोडसे’ चार प्रकारे येतो. कॅलिबर स्वतःही आपल्या पोटातील फोल्डरांना देवनागरी नावे ठेवीत नाही. त्यांचे यांत्रिक रोमनीकरण करते, आणि ते असे असते की मराठी मनुष्याला ते वाचवत नाही व इंग्रजी मनुष्याला उच्चारवत नाही. पडद्यावरच्या नोंदीत देवनागरी शाबूत राहते, एवढेच समाधान. ती शाबूत आहे तोवर रोमनच्या आश्रयाला जाण्याचे कारण नाही.

येथे शंकर गणेश दाते यांचे स्मरण होते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा भाग १९४३ साली निघाला आणि १९३८ ते १९५० पर्यंतचा १९६१ साली. मराठीत संशोधन करणारा कोणीही त्या दोन खंडांवाचून पुढे गेलेला नाही. त्या सूचीचा आधार मुखपृष्ठ हा होता, पुस्तकाच्या पाठीवर कोणा ग्रंथपालाने चिकटविलेली पट्टी नव्हे. फाईलचे नाव ही अशी पट्टीच होय. ती स्कॅन करणाऱ्याने, उतरवून घेणाऱ्याने किंवा मित्राला पाठविणाऱ्याने, त्या क्षणीच्या सोयीसाठी लावलेली असते. ‘गोडसे फायनल’, ‘गोडसे नवीन’, ‘राणी २’ ही नावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगणे नको.

तरीही नमुन्याने ग्रंथ दाखल करणे सोडून द्यावे, असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. हजार फायलींची मुखपृष्ठे वाचून हाताने नोंद करणे आजच्या मनुष्यबळात शक्य नाही, आणि शक्य नसलेल्या गोष्टीचा आग्रह धरणे हा काम टाळण्याचा सभ्य प्रकार आहे. क्रम मात्र उलटविला पाहिजे. आधी फाईल उघडून मुखपृष्ठ पाहावे, त्यावरून फाईलला नाव द्यावे, आणि मग त्या नावावर नमुना लावावा. मुखपृष्ठ पाहून नाव देण्यास एका पुस्तकामागे दोन-तीन मिनिटांहून अधिक लागत नाहीत. संहिता गमावण्याच्या मानाने ही किंमत अल्प आहे.

नाव कसे द्यावे? तालिकाशास्त्रात आणि पाठसंपादनात दोन्हीकडे चौकोनी कंसाचा एक रूढ संकेत आहे: कंसातील मजकूर संपादकाने पुरविलेला, मुखपृष्ठावरील त्या ओळीत नसलेला. तोच येथे उपयोगी पडतो. ‘माझा प्रवास [संपा. पोतदार १९६६] - विष्णुभट गोडसे’ आणि ‘माझा प्रवास [संपा. वैद्य १९०७] - विष्णुभट गोडसे’ अशी नावे दिली, तर मूळ नमुना काहीही न बदलता चालतो, लेखक गोडसेच राहतात, दोन संहिता एकमेकींत विरघळत नाहीत. अनुवादासाठी ‘आँखों देखा गदर [हिंदी अनु. अमृतलाल नागर] - विष्णुभट गोडसे’. पुढे सवडीने कंसातील मजकूर एकगठ्ठा उचलून संपादक, अनुवादक, आवृत्ति-वर्ष अशा स्वतंत्र रकान्यांत नेता येतो. असे रकाने निर्माण करण्याची आणि शोध-बदलाने ते भरण्याची सोय कॅलिबरमध्ये आहे. लेखकाचे नाव एकच रूप ठरवून लिहावे, मुखपृष्ठावरील भिन्न रूप नोंदीच्या टिपणात उतरावे. शीर्षकातील विसर्गचिन्हासारखा अपूर्णविराम विंडोज प्रणालीवर फाईलच्या नावात चालत नाही, प्रश्नचिन्हही चालत नाही. ते टिपणातच द्यावे लागेल.

लांबीची अडचण मात्र खरी आहे. लिनक्सवरील नेहमीच्या व्यवस्थेत फाईलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘झाशी संस्थानच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेब यांचे चरित्र - दत्तात्रय बळवंत पारसनीस’ या नावात देवनागरीची ६९ चिन्हे आहेत. मोकळ्या जागा, रेघ आणि शेवटची पीडीएफची खूण धरून २२१ बाइट तेथेच संपतात. उरलेल्या ३४ बाइटांत कंस, साल आणि अनुवादकाचे नाव बसविणे जमत नाही. अशा ठिकाणी शीर्षक तोडण्याऐवजी लेखकाची आद्याक्षरे घ्यावी, ‘द. ब. पारसनीस’, आणि पूर्ण नाव नोंदीत भरावे. एकोणिसाव्या शतकातील लांब शीर्षकांत ग्रंथाचा विषय, प्रयोजन आणि कधीकधी आश्रयदाताही सामावलेला असतो, आणि तो एकदा तुटला की नुसत्या ‘चरित्र’ या शब्दावरून कोणाचे चरित्र ते शोधीत बसावे लागते.